साडूच्या गॅरेजातले कॅमेरे

५ जानेवारी, सोमवार

ही डायरी साडूने दिली. कुठल्याशा गादीच्या कंपनीची आहे, प्रत्येक पानाच्या तळाशी झोपलेलं बाळ छापलंय. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. जन्मभर गाद्या विकल्या. आता दुकान मुलाच्या हवाली करून मोकळा झालाय आणि ऊठसूट आमच्याकडे येऊन बसतो. "घ्या साडूभाऊ, रिकामेच आहात, काहीतरी लिहीत जा," म्हणाला. रिकामे! आणि हा कुठे डोंगर उपसतोय म्हणावं.

मी लिहिणार नव्हतो. पण आज माझा आवाज चढला तशी ही म्हणाली, "पुरे हं, शेजारी ऐकतायत." आता जे बोलायचं राहिलं ते कुठेतरी ओतायला तर हवं.

विषय कपाटाचा. माझं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान बंद झालं तेव्हा उरलेला सगळा माल मागच्या खोलीत आला. जुने डिजिटल कॅमेरे, बहुतेक खिशात मावणारे, चपटे. काही गिऱ्हाइकं दुरुस्तीला टाकून गेली ती परत फिरकली नाहीत, काही मी सुट्या भागांसाठी घेऊन ठेवले होते. लोकांच्या हातात फोन आले आणि यांना कुणी विचारेनासं झालं. आता ठकी, आमची लेक, ऑफिसातली नोकरी सोडून घरी परत आली आहे. तिला ती खोली हवी. रास्त आहे. पण निर्णय कोण देणार, तर साडू! चहात बिस्किट बुडवत म्हणाला, "भंगारात देऊन टाका हो. कोण हात लावतंय त्यांना?"

बिस्किट तुटून चहात पडलं. बरं झालं.

९ जानेवारी, शुक्रवार

भंगारवाला आला होता. मीच बोलावला, साडूने सांगितलं म्हणून नव्हे. त्याने काटा काढला आणि म्हणाला, किलोवर घेतो. मी म्हटलं, बाबा रे, यात एकेक भिंग कसलं आहे माहीत आहे का तुला? तो म्हणाला, "काका, आम्ही फोडूनच देतो पुढे." तेवढ्यात गोणीत पडलेल्या एका कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं की काय कोण जाणे, आतून तो बारीक आवाज आला, भिंग पुढे सरकण्याचा. मी गोणी रिकामी करून घेतली आणि त्याला वाटेला लावलं. ही कपाळावर हात मारून आत गेली.

हिचं म्हणणं, मग त्यांचे सुटे भाग करून काळ्या पाटीवर चिकटवा, दिवाणखान्यात शोभेला लावू. शोभेला! माझं उभं आयुष्य शोभेला टांगायला निघाली ही बाई.

ठकी मात्र गोणीतून एक चंदेरी कॅमेरा उचलून गेली. मैत्रिणींकडे न्यायचाय म्हणे.

१२ जानेवारी, सोमवार

नवीनच टूम. ठकीच्या मैत्रिणींनी तो कॅमेरा हातातून सोडला नाही. त्यातले फोटो जरा भडक येतात, फ्लॅशने चेहरे पांढरे पडतात, तेच त्यांना आवडतं. आजकाल पोरंपोरी असले कॅमेरे शोधत फिरतात म्हणे. ठकी जेवताना म्हणाली, "बाबा, आपण दोघं मिळून विकूया का? तू दुरुस्त कर, बाकीचं सगळं मी बघते."

मी खरं तेच बोललो. म्हटलं, त्या पोरींना यातलं शष्प कळत नाही. चांगल्या कॅमेऱ्याची खेळणी करायची आणि महिन्याभरात अडगळीत टाकायची. माझा हात मी असल्या पोरखेळात घालणार नाही. आणि तुलाही दुकान चालवणं झेपायचं नाही, चांगली नोकरी शोध.

ती ताट उचलून घासायला घेऊन गेली. मुली समजूतदार असतात.

१९ जानेवारी, सोमवार

समजूतदार कसली! सरळ साडूकडे गेली. आणि तो, जो परवापर्यंत "भंगारात द्या" म्हणत होता, तो आज दारात उभा राहून म्हणतो, "साडूभाऊ, सोनं दडवून ठेवलं होतंत की हो!" सरड्यालाही लाज वाटेल. त्याने गाडी विकल्यापासून त्याचं गॅरेज रिकामं आहे. तिथे ठकी दुकान थाटणार. काका असे आणि काका तसे. काकांनी रंगवून घेतलं, काकांनी फळ्या ठोकल्या. घरात दिवसभर काकांची आरती चाललीय नुसती.

मला विचारलं, "बाबा, घेऊन जाऊ ना कॅमेरे?" मी म्हटलं, ने, तुमचंच राज्य आहे. तिने एकेक कॅमेरा माझ्या जुन्या पंच्यांमध्ये गुंडाळला. ते मात्र नीट केलं. कुणाचा कॅमेरा कुठे आपटू नये हे तिला लहानपणापासून माहीत आहे, माझ्या दुकानातच वाढलीय ती.

जाताना भलतेच प्रश्न विचारत होती. तुझ्या दुकानातलं टेबल किती उंच होतं? डोळ्याला लावायचं ते भिंग कुठे मिळतं? पाठ दुखायची म्हणून खुर्चीला काय बांधायचास? मी सगळं सांगितलं. मग डोक्यात प्रकाश पडला. साडूला मेकॅनिक करायचं घाटतंय! ज्याला टीव्हीच्या रिमोटमध्ये सेल घालताना उलटसुलट कळत नाही, तो माझं भिंग डोळ्याला लावून बसणार!

१ फेब्रुवारी, रविवार

आज उद्घाटन. गेलो. न जाऊन सांगतो कुणाला?

गॅरेज ओळखू येत नाही. भिंती पिवळ्या, काचेच्या फळ्या, आणि त्यावर माझे कॅमेरे लख्ख पुसून ओळीने मांडलेले. खरं सांगायचं तर बघून बरं वाटलं. पण दारातच साडू, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, येईल त्याला हात जोडतोय जसं काही त्याच्या पोरीचं लग्न आहे. कोपऱ्यात टेबल, दिवा, खुर्ची, खुर्चीच्या पाठीला गुंडाळलेली उशी. ठकी म्हणाली, "बाबा, बसून बघ ना जरा." मी म्हटलं, दुसऱ्याच्या जागेवर बसायची सवय नाही मला. तिचा चेहरा पडला. साडूची जागा दाखवायला मला बोलावलं होतं का?

एका मुलाने विचारलं, काका, यात रात्रीचे फोटो कसे येतात? साडू ऐटीत म्हणाला, "रात्री झोपायचं असतं राजा, गादी कुठली वापरतोस?" सगळे खो खो हसले. ठकी तर त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हसली. माझ्या खांद्यावर तिने शेवटचं डोकं कधी टेकलं ते आठवायला बसलो तर आठवेना.

मी न खाता निघालो आणि चालत घरी आलो. हिने विचारलं, काय झालं? म्हटलं, पोटात दुखतंय. तर ही माझ्याकडे बघून म्हणते, "ते दिसतंच आहे."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एक गोष्ट केली. लिहावी की नाही?

ठकीने निरोप पाठवला होता, फोनवरून बरीच मागणी आलीय, एकदा येऊन नजर टाक. गेलो तेव्हा ती आणि साडू कुरिअरच्या ऑफिसात गेले होते. साडूच्या बायकोने गॅरेजची किल्ली दिली. टेबलावर खोकी तयार होती. प्रत्येकात कॅमेरा, शेजारी वेगळी गुंडाळलेली बॅटरी, वर गिऱ्हाइकाचं नाव. आणि आत एक चिठ्ठी: "स्वतः तपासून पाहिला आहे." खाली साडूची सही. शेपटीसकट, लांबलचक!

माझं डोकंच फिरलं. माझ्या हाताखालून गेलेले कॅमेरे हा गादीवाला तपासणार? उद्या हाच माणूस नाडी बघेल! सही ठोकताना याचा हात कापला कसा नाही?

खिशात पारदर्शक चिकटपट्टी होती. बॅटरीच्या खाचेत जी पितळी टोकं असतात त्यावर पट्टीचा एवढासा तुकडा लावला की कॅमेरा चालूच होत नाही. नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. पट्टी काढली की पहिल्यासारखा ठणठणीत. म्हणजे बिघडवलं असं काही म्हणता येणार नाही. थोड्याच खोक्यांमध्ये लावली. कॅमेरे परत येतील, साडूच्या सहीची शोभा होईल, आणि मग ठकी माझ्याकडे येईल. बाबा, बघ ना रे काय झालंय. मी क्षणात चालू करून देईन. बस्स, एवढंच हवंय मला.

किल्ली परत देताना साडूच्या बायकोने चहा विचारला. घेतला. 

१२ फेब्रुवारी, गुरुवार

कॅमेरे परत आले.

हिच्याकडून कळलं. एका मुलीने बहिणीच्या लग्नासाठी घेतला होता. सगळ्यांना उभं करून बटण दाबलं तर कॅमेरा मढं. आज ती गॅरेजसमोर उभी राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली. फसवतात, लुबाडतात, जुनं भंगार खपवतात. ठकीला बोलली ती. साडूला नाही, ठकीला! पाटीवर नाव ठकीचं आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाकीच्यांनीही फोन करून सांगितलं की नको. काही जणांनी तर न घेताच नको म्हणून कळवलं.

ठकी घरी आली ती सरळ खोलीत. जेवली नाही. मी दिवाणखान्यात वाट बघत बसलो. भिंग, पेचकस, सगळं टेबलावर काढून ठेवलं. ती बाहेर आली, पाणी प्यायली, टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आत गेली. 

मला कळत नाही. जगात एकच माणूस हे दुरुस्त करू शकतो आणि तो इथे बसलाय. मग ती विचारत का नाही? काकांना विचारलं असेल.

१४ फेब्रुवारी, शनिवार

हात अजून धड चालत नाही, पण लिहितो.

साडू आला. हसला नाही, चहा मागितला नाही. मी, ही, ठकी, सगळे बसलो होतो. उभ्याउभ्या म्हणाला, "पोरी, चूक माझीच. तपासताना आत चिकटपट्टी लावली होती, काढायची राहून गेली. गिऱ्हाइकांची माफी मी मागतो."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. पट्टीचं त्याला कसं कळलं? आणि स्वतःच्या अंगावर का घेतोय? त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली. तेव्हा मला कळलं की त्याला सगळं माहीत आहे. त्याच्या बायकोने सांगितलं असेल, मी येऊन गेलो म्हणून. म्हणजे हा मला वाचवत होता! मला! गादीवाला!

ही लगेच डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "भाऊजींचं मन किती मोठं आहे बघा."

झालं. अंगाची नुसती लाही लाही झाली. लेक घेतलीस, कॅमेरे घेतलेस, आता मोठेपणाही तूच घेणार? मी केलेल्या कामावर पुन्हा याचीच सही? तोंडातून निघून गेलं, "तुम्ही लावलीत? अहो, पाकिटावर तिकीट चिकटवलंत तरी वाकडं बसतं तुमचं! त्या पट्टीचे कोपरे बघितलेत का? चारी कोपरे गोल कापलेले आहेत, सुटू नये म्हणून. ते काय तुमच्या बापाने कापले?"



ठकी म्हणाली, "कोपरे गोल आहेत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बाबा."

साडू पुटपुटला, "कशाला बोललात हो?"

ठकीला म्हणे पहिलाच कॅमेरा उघडला तेव्हाच समजलं होतं. शाळेच्या वह्यांना नावाच्या चिठ्ठ्या लावताना मीच तिला शिकवलं होतं, कोपरा गोल केला की पट्टी उचकटत नाही. वर्गात बाकी कुणाच्या चिठ्ठ्या तशा नव्हत्या, म्हणून मिरवायची ती. "दोन दिवस वाट बघत होते मी," ती म्हणाली. "वाटलं, तू येऊन सांगशील. तू भिंग काढून बसलास." आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. तिने चढवला नाही.

मी भिंतीवर हात आपटला. भिंतीला काही झालं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

ही बोलत नव्हती. दुपारी न राहवून तीच म्हणाली, "अहो, ते कोपऱ्यातलं टेबल कुणासाठी होतं वाटलं तुम्हाला?"

"साडूसाठी."

ती मटकन खाली बसली. "उंची तुमच्या टेबलाची. उशी तुमच्या पाठीसाठी. भाऊजींना डोळ्यांनी चार बोटं दिसत नाहीत, ते भिंग लावून काय बघणार? सह्यासुद्धा पोरीने त्यांना तात्पुरत्या करायला लावल्या. म्हणाली, बाबा आले की बाबा करतील."

"मग आधी नीट सांगायचं नाही का मला?"

"विचारलं होतं तिने. पहिलं तुम्हालाच विचारलं. तुम्ही काय म्हणालात ते आठवतंय?"

आठवत नाही म्हटलं. ही उठून गेली. मागची पानं चाळली. १२ जानेवारीला लिहिलंय मी. चांगलं सविस्तर लिहिलंय.

१६ फेब्रुवारी, सोमवार

ठकीच्या खोलीच्या दाराशी उभा राहिलो. म्हटलं, "ठके, चुकलं माझं."

आतून आवाज आला, "बरं."

बरं म्हणजे काय? बरं म्हणजे माफ, की बरं म्हणजे जा आता? साडूला विचारलं असतं तर त्याला कळलं असतं. त्याला सगळं कळतं तिच्या मनातलं. हेच तर सहन होत नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज गॅरेजात गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. ठकी खोकी भरत होती. माझ्याकडे न बघता परत आलेले कॅमेरे तिने कोपऱ्यातल्या टेबलावर आणून ठेवले, आणि शेजारी कोऱ्या चिठ्ठ्या. "रोज यावं लागेल," म्हणाली. "जमेल तुम्हाला?"

जमेल म्हटलं. खुर्चीवर बसलो. टेबलाची उंची बरोबर होती. पाठीला उशी जिथे लागायला हवी तिथेच लागत होती. पट्ट्या काढायला चिमटा घेतला तर डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं आणि भिंग पुसत बसावं लागलं. साडू समोर पाणी ठेवून गेला. मी प्यायलो नाही. मग प्यायलो.

दुपारी ती मुलगी आली, लग्नातल्या फोटोंची. ठकीनेच तिला बोलावलं होतं. मी कॅमेरा चालू करून दिला आणि सांगितलं, "पोरी, यात दोष माझा होता. दुकानाचा नाही, हिचा तर अजिबात नाही." ती गोंधळली. बहिणीचं लग्न काही परत लागणार नाही, म्हणाली, पण कॅमेरा घेतला. साडूने तिला खुर्ची दिली, काहीतरी बोलून हसवलं. ठकीने ओळख करून दिली, "हे माझे काका, जागा यांचीच आहे."

मुलीने माझ्याकडे बोट केलं. "आणि हे?"

ठकीचे हात खोक्यावर थांबले. मी पेचकस खाली ठेवला. बाबा हा शब्द किती छोटा आहे. ती बोलायला लागली तेव्हा पहिला उच्चारलेला शब्द तोच होता, हिला त्याचा केवढा राग आला होता.

"दुरुस्तीवाले आहेत," ठकी म्हणाली. "नवीनच लागलेत."

साडूने माझ्याकडे पाहिलं. एरवी ज्याच्या तोंडाला कुलूप नसतं, तो तेव्हा नेमका मिठाची गुळणी धरून बसला. एक शब्द टाकायला काय जात होतं त्याचं?

मी पुढचा कॅमेरा उघडला. तपासला. चिठ्ठी लिहिली, खाली सही केली, छोटीशी. उद्या तिच्या आधी जाऊन बसणार आहे.